बिनवर्दीची चाकरी

साडेत्रेसष्ट किलो वजनाचा माणूस खांद्यावर घ्यायचा आणि १८३ मीटर अंतर ९६ सेकंदांत पार करायचं. मग २.७ मीटर रुंदीचा चर एका उडीत ओलांडून दोन्ही पायांवर उतरायचं. त्यानंतर तीन मीटरचा उभा दोर हातापायांच्या जोरावर चढायचा. आर्मी ऑर्डनन्स कोअरच्या फायरमनसाठी हे ‘ग्राउंड’ असतं. त्याच भरतीतल्या ट्रेड्समन मेटला दीड किलोमीटर सहा मिनिटांत धावावं लागतं, आणि पन्नास किलोचं ओझं घेऊन दोनशे मीटर शंभर सेकंदांत कापावे लागतात. दहावी झालेली, आयटीआय केलेली, बी.ए.-बी.कॉम. होऊन दोन-तीन वर्षं घरी बसलेली मुलं यासाठी पहाटे गावच्या रस्त्यावर पळताना दिसतात. खांद्यावर मित्राला घेऊन पळणारा मुलगा दिसला की लोक समजतात, पोरगा मिलिटरीत चाललाय.

तो मिलिटरीत चाललेला नसतो. निवड झाली तर त्याला रँक मिळत नाही, छातीवर पदक लागत नाही, गावाच्या वेशीवर त्याच्या नावाची कमान उभी राहत नाही. मिळतं ते सातव्या वेतन आयोगातलं १८,००० किंवा १९,९०० रुपये मूळ वेतन, वर महागाई भत्ता आणि ‘डिफेन्स सिव्हिलियन’ ही ओळख. संरक्षण खात्याचा पगार घेणारा, लष्कराच्या कुंपणाच्या आत काम करणारा, पण सैनिक नसलेला माणूस. सैन्याबद्दल आपण मराठी माणसं भरभरून बोलतो. या माणसाबद्दल मात्र त्याच्या घरचे सोडले तर फारसं कुणी बोलत नाही.

महाराष्ट्राइतका या माणसांचा दाट वावर फार थोड्या राज्यांत असेल. देशातल्या एकेचाळीस आयुध निर्माणींपैकी दहा आपल्याकडे आहेत: खडकीत दोन, अंबरनाथला दोन, आणि देहूरोड, भुसावळ, वरणगाव, भंडारा, भद्रावतीजवळची चांदा व नागपूरची अंबाझरी. शिवाय मुंबईची नौदल गोदी, करंजा आणि ट्रॉम्ब्याचे शस्त्रसाठे, ओझरचा हवाई दलाचा विमानदुरुस्ती डेपो, खडकीचं बेस वर्कशॉप आणि रणगाड्यांचा डेपो, देहूरोडचा मध्यवर्ती डेपो, पुलगावचं दारूगोळा भांडार, पाषाण आणि दिघीच्या डीआरडीओच्या प्रयोगशाळा, अहिल्यानगरची वाहन संशोधन संस्था, जागोजागची एमईएसची, म्हणजे लष्करी अभियांत्रिकी सेवेची कार्यालयं. गोव्यात दाभोळीला नौदलाचं विमानदुरुस्ती यार्ड आहे. पुण्यात गोळीबार मैदानाजवळ संरक्षण लेखा विभागाचं एक कार्यालय आहे. भूदलातल्या सगळ्या अधिकाऱ्यांच्या पगाराचे हिशेब तिथे ठेवले जातात. सियाचीनवर असलेल्या मेजरच्या खात्यात महिनाअखेरीला पैसे जमा होतात, त्यामागे पुण्यातला कुणी ऑडिटर किंवा कारकून असतो. कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा देऊन तो तिथे आलेला असतो.

ही परंपरा जुनी आहे. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि गोदीत जहाजं बांधू लागले. पुढे त्यांच्या घराण्याच्या देखरेखीखाली ब्रिटिश आरमारासाठी सागवानी युद्धनौका बांधल्या गेल्या. १८४२चा नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर झाला, ते मुंबईचं. १८१७ साली पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतं आहे. त्याच्या फळ्या तासणारे सुतार, लोहार आणि शिडं शिवणारे कारागीर यांपैकी कुणी सैनिक नव्हतं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. आजूबाजूच्या वस्त्यांत चौथी-पाचवी पिढी ‘फॅक्टरीत’ असलेली घरं आहेत. तिथे ‘फॅक्टरी’ म्हटलं की कोणती, असा प्रश्न कुणी विचारत नाही.

या घरांत नोकरी कशी यायची, हे समजून घेतलं तर आजच्या उमेदवाराची ओढाताण कळते. पूर्वी खालच्या पदांसाठी सेवायोजन कार्यालय नावं पाठवायचं. कार्ड काढायचं, वेळेवर नूतनीकरण करायचं आणि ‘कॉल’ची वाट बघायची. बोलावणं बहुतेक जिल्ह्यातल्या जिल्ह्यात असायचं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात सांगितलं की, केवळ सेवायोजन कार्यालयाकडून आलेल्या नावांवर विसंबून राहू नका, वर्तमानपत्रात जाहिरात द्या, फलकावर लावा, जो अर्ज करील त्याचा विचार करा. निकाल न्याय्यच होता, कारण कार्डावरचं नाव पुढे सरकवायलाही ओळख लागायची. पण त्यानं मैदान एकदम देशाएवढं झालं. वरणगावच्या मुलाची स्पर्धा आता भुसावळच्या मुलाशी राहिली नाही. भिवानीच्या, सीकरच्या, छपऱ्याच्या मुलांशी ती सुरू झाली, आणि त्या मुलांच्या गावांत या परीक्षांची तयारी कधीचीच रुजलेली होती.

त्यात संरक्षण खात्याची भरती एका दारानं होत नाही. नागरी नोकरीसाठी एक आयोग, एक परीक्षा, एक तारीख असं इथे काही नाही. नौदलाची स्वतंत्र ‘इन्सेट’ परीक्षा आहे: संगणकावर, नव्वद मिनिटं, शंभर गुण. डीआरडीओची ‘सेप्टम’मार्फत होते. ऑर्डनन्स कोअरची सिकंदराबादच्या केंद्रातून होते. एमईएसची वेगळी, हवाई दलाच्या डेपोंची वेगळी, लष्करी रुग्णालयांची वेगळी, आणि एखाद्या प्रशिक्षण केंद्रात स्वयंपाकी, न्हावी, धोबी, माळी अशा दहा जागा निघाल्या तर त्यांचीही वेगळी. ती शेवटची जाहिरात ‘रोजगार समाचार’च्या आतल्या पानावर येऊन जाते आणि ज्याला दिसायला हवी त्याला दिसत नाही. गरीब घरातल्या मुलाचं पहिलं नुकसान इथेच होतं, परीक्षेच्याही आधी.

सीमा सडक संघटनेचं उदाहरण बघा. लडाखपासून अरुणाचलपर्यंत रस्ते बांधणारी ही संघटना १९६० सालची. तिच्या जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्सचं, म्हणजे ग्रेफचं केंद्र पुण्यातल्या दिघी कॅम्पला आहे. ड्रायव्हर, मेकॅनिक, गवंडी, रंगारी, स्वयंपाकी अशा पदांसाठी देशभरातून अर्ज दिघीला येतात, तेही अनेक वर्षं टपालानंच. ठरलेल्या नमुन्यात भरलेला फॉर्म, साक्षांकित प्रती, लिफाफ्यावर मोठ्या अक्षरात पदाचं नाव. त्यानंतर दहा मिनिटांत एक मैल धावणं, ट्रेडची प्रात्यक्षिक परीक्षा, लेखी आणि मेडिकल. दिघीपासून अर्ध्या तासावर राहणाऱ्या कितीतरी आयटीआयच्या मुलांना हे केंद्र कशाचं आहे, तेही माहीत नसतं. मणिपूरहून आलेला मुलगा मात्र आदल्या रात्री रेल्वे स्टेशनवर झोपून सकाळी त्या गेटवर हजर असतो.

फॉर्म भरण्याची खरी परीक्षा आपल्याकडे जातीच्या दाखल्यापाशी होते. भद्रावतीतल्या एका ऑनलाइन केंद्रावर बसलो होतो. चालक पंचविशीतला, स्वतः दोन वेळा कटऑफला हुकलेला. समोर बारावी-आयटीआय झालेला मुलगा फाइल घेऊन उभा.

“दादा, हा दाखला राज्याचा आहे. याला सेंट्रलच्या फॉर्मेटमधला लागते.”

“पण साहेबाची सही आहे ना त्याच्यावर.”

“सही आहे, पण नमुना वेगळा. तू एनटी-सीत आहेस ना? केंद्राच्या भरतीत एनटी-सी हा रकानाच नाही. तिथे तू ओबीसी. क्रिमीलेअरचाही सेंट्रलचाच काढ, नाहीतर डॉक्युमेंटला बाहेर काढतील.”

“लास्ट डेट परवा आहे, भाऊ.”

चालकानं मग मान हलवून जनरलमधून फॉर्म भरायचा का, असं विचारलं. मुलानं भरला. वयाची तीन वर्षांची सवलत आणि राखीव जागा दोन्ही गेल्या, एका कागदामुळे. आपल्या राज्यात विमुक्त-भटक्यांचे अ, ब, क, ड असे वेगळे प्रवर्ग आहेत. केंद्रात ते नाहीत. ज्या जाती केंद्राच्या यादीत आहेत, त्या तिथे बहुतेक ओबीसीत मोडतात. राज्यानं दिलेलं एसईबीसीचं आरक्षण केंद्राच्या भरतीत चालत नाही. तिथे पात्र असेल तर ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा लागतो, आणि तोही केंद्राच्या नमुन्यात. एवढी माहिती आयटीआयच्या शेवटच्या सत्रात तासाभरात सांगता येईल. ती सांगितली जात नाही. मुलं ती पहिली नोकरी हातची गेल्यावर शिकतात, याचा मला राग येतो.

भाषेचं दुखणंही आहेच. कर्मचारी निवड आयोगानं काही परीक्षा मराठीसह तेरा प्रादेशिक भाषांत घ्यायला सुरुवात केली, ते चांगलं झालं. पण संरक्षण खात्याच्या स्वतःच्या परीक्षा अजून प्रामुख्यानं हिंदी-इंग्रजीतच असतात.

एक गोष्ट मात्र निःसंशय सुधारली. १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या गट ‘क’ आणि गट ‘ब’ अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद झाल्या. लेखी, ट्रेड टेस्ट, ग्राउंड आणि कागदपत्रं, एवढ्यावरच निवड. आत गेल्यावर कुणी ‘बघून घेईल’ अशी जागाच उरली नाही. तरीही छावण्यांच्या आसपास ‘आत ओळख आहे, चार लाखांत काम होईल’ असं सांगणारे सापडतात, आणि शिक्के मारलेली बनावट नियुक्तिपत्रं घेऊन मुलं गेटवर येतात. बापानं जमीन गहाण ठेवून ते पैसे उभे केलेले असतात. जो कोणी या नोकरीसाठी पैसे मागतो तो फसवतोच आहे, यात दुसरी शक्यता नाही. हे घराघरांत ओरडून सांगायला हवं.

आता आत काय चालतं ते बघू. एका तोफगोळ्याचा प्रवास धरला तर तो जवळजवळ सगळा विदर्भातच होऊ शकतो. गोळ्याचा पोलादी देह नागपूरला अंबाझरीत घडतो. त्याला लागणारी प्रणोदक दारू भंडाऱ्याजवळ जवाहरनगरात तयार होते. स्फोटक भरण्याचं काम भद्रावतीजवळच्या चांदा निर्माणीत होतं. भरलेला गोळा पेटीत बंद होऊन वर्धा जिल्ह्यात पुलगावला साठवला जातो. ह्या साखळीतल्या प्रत्येक कडीवर हात असतो तो नागरी कामगाराचा. सरहद्दीवरचा तोफची तो गोळा तोफेत घालतो, तोपर्यंत त्याला डझनावारी बिनवर्दीच्या माणसांनी हाताळलेलं असतं, आणि तोही बहुतेक वेळा सर्वांत धोकादायक अवस्थेत असताना.

या कामगारांत ‘डीबीडब्ल्यू’ म्हणजे डेंजर बिल्डिंग वर्कर हा वेगळाच. स्फोटकं जिथे मिसळतात, दाबतात, भरतात, त्या इमारतींना डेंजर बिल्डिंग म्हणतात. एकीचा स्फोट झाला तर दुसरीला झळ लागू नये म्हणून त्या एकमेकींपासून दूर, भोवती मातीचे उंच बांध घालून बांधलेल्या असतात. दारावर दोन आकडे रंगवलेले असतात: आत एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं आणि जास्तीत जास्त किती किलो स्फोटक. शिफ्टला आलेला कामगार आधी मोबाइल, काडेपेटी, घड्याळ, अंगठी, किल्ल्या बाहेर ठेवतो. अंगावर सुती कपडे, कारण नायलॉननं स्थिरविद्युत तयार होते. पायात खास बूट. आत शिरण्यापूर्वी दाराशी बसवलेल्या धातूच्या पट्टीला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज जमिनीत उतरते. हत्यारं पितळेची किंवा ठिणगी न पाडणाऱ्या धातूची. आभाळ गडगडायला लागलं की काम थांबवून बाहेर.

हे सगळं तीस-पस्तीस वर्षं, रोज. एका निवृत्त कामगाराच्या पत्नीनं सांगितलं की त्यांच्या घरात नवऱ्याशी सकाळी कामावर जाताना भांडायचं नाही, असा दंडक होता. जो काही तंटा असेल तो संध्याकाळी. डोकं तापलेला माणूस आत जाऊ नये, म्हणून. मुलं मोठी झाली, त्यांनाही तीच सवय लागली.

निर्माणीचा आठवडा पावणेपंचेचाळीस तासांचा. त्यावर अठ्ठेचाळीस तासांपर्यंत खात्याचा ओव्हरटाइम आणि त्यापुढे कारखाने कायद्याप्रमाणे दुप्पट दरानं. शिवाय पीसवर्क, म्हणजे ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त काम काढलं तर जादा पैसा. कारगिलच्या वेळी ‘ओटी’ला अंत नव्हता, असं जुने लोक सांगतात. ऑर्डर आटल्या की ओटी बंद होतो आणि इस्टेटमधल्या, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीतल्या वाण्याच्या उधारीच्या वहीत ते लगेच दिसतं. पण इस्टेटीचं आयुष्य सुखाचं होतं, हेही खरं. टाइप-टूचं क्वार्टर, केंद्रीय विद्यालय, दवाखाना, मैदान, गणेशोत्सव, देशभरातले शेजारी. सेमीस्किल्ड म्हणून लागलेला माणूस स्किल्ड, हायली स्किल्ड, मास्टर क्राफ्ट्समन अशा पायऱ्या चढत निवृत्त व्हायचा, एखादा खात्यांतर्गत परीक्षा देऊन चार्जमन व्हायचा. त्याच्या मुली इंजिनिअर झाल्या. खेड्यातला भूमिहीन मजूर एका पिढीत मध्यमवर्गात आला तो या नोकरीमुळे, आणि त्यात दलित-बहुजन समाजातली घरं मोठ्या संख्येनं होती. ज्यांना सरकारी कारखाना म्हणजे निव्वळ पांढरा हत्ती वाटतो, त्यांनी खडकी बाजारातल्या किंवा भुसावळच्या दहा घरांचा तीन पिढ्यांचा इतिहास विचारून बघावा.

मला जी गोष्ट सांगायची आहे, ती इथून सुरू होते. या कामगाराला शिस्त लावायची असते तेव्हा तो ‘संरक्षणा’चा असतो, आणि काही द्यायचं असतं तेव्हा तो ‘नागरी’ असतो.

राज्यघटनेचं कलम ३११ सरकारी कर्मचाऱ्याला संरक्षण देतं: चौकशीशिवाय, बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय त्याला काढता येत नाही. पण कलम ३१० संरक्षणाशी संबंधित पदं वेगळी काढतं. सर्वोच्च न्यायालयानं या कलमांचा अर्थ लावताना म्हटलं आहे की, संरक्षण खर्चातून पगार घेणाऱ्या नागरी कर्मचाऱ्याला ३११चं कवच मागता येत नाही. तो राष्ट्रपतींच्या मर्जीनं पदावर असतो, सैनिकासारखाच. रोजच्या व्यवहारात त्याची चौकशी १९६५च्या नागरी सेवा नियमांनुसार होते आणि दाद मागायला केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, हे खरं. पण टपाल खात्यातल्या कारकुनाला घटनेनं जी हमी दिली, ती दारूगोळा भरणाऱ्याला दिली नाही. ग्रेफच्या माणसांचं तर आणखी अवघड. १९८३ साली न्यायालयानं ते सशस्त्र दलांचा भाग असल्याचा निर्णय दिला. त्यामुळे त्यांना संघटना करण्याचा हक्क नाही, त्यांच्यावर लष्करी कायद्याच्या तरतुदी लागू होतात, आणि नागरी सेवेचे नियमही.

आता पेन्शन बघा. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. सशस्त्र दलांना त्यातून वगळलं. ते योग्यच होतं. डेंजर बिल्डिंगमधला कामगार मात्र वगळला गेला नाही. त्या तारखेनंतर लागला तो राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये गेला. १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजनेचा पर्याय आला, त्यात पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी आहे. संघटनांचं म्हणणं जुनीच योजना द्या, असं आहे. अखिल भारतीय संरक्षण कर्मचारी महासंघाचं कार्यालय खडकीत आहे आणि त्या वास्तूला एस. एम. जोशींचं नाव आहे. एस. एम. या कामगारांचे नेते होते. संयुक्त महाराष्ट्राचे एस. एम. आपल्याला पाठ आहेत. संरक्षण कामगारांसाठी देश पालथा घालणारे एस. एम. तितके आठवत नाहीत.

मग २०२१ आलं. १६ जूनला केंद्रीय मंत्रिमंडळानं आयुध निर्माणी चालवणारं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या करण्याचा निर्णय घेतला. कामगार संप करतील हे उघड होतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये महिनाभराच्या संपाची हाक देऊन त्यांनी काही दिवस एकेचाळीसही कारखाने ठप्प केले होतेच. ३० जूनला वटहुकूम निघाला, पुढे कायदा झाला: आवश्यक संरक्षण सेवांमध्ये तेव्हा संपाला बंदी आली, भाग घेतला तर तुरुंग होता. १ ऑक्टोबर २०२१ला कंपन्या अस्तित्वात आल्या. दारूगोळ्याचे कारखाने ‘म्युनिशन्स इंडिया’कडे गेले, तिचं मुख्यालय पुण्यात. ‘यंत्र इंडिया’चं मुख्यालय नागपूरला. सत्तर हजारांवर कर्मचारी दोन वर्षांच्या ‘डीम्ड डेप्युटेशन’वर, म्हणजे सरकारचेच पण कंपनीत पाठवलेले, असे झाले. ती मुदत नंतर पुन्हा वाढवावी लागली. पस्तीस वर्षांचा माणूस आपण नक्की कुणाचे नोकर, या प्रश्नाचं उत्तर मुदतवाढीच्या परिपत्रकात शोधतो, ही स्थिती बरी नव्हे.

कंपन्यांची कामगिरी कशी आहे, निर्यात किती वाढली, यावर वेगळा लेख होईल. मला भरतीचं बोलायचं आहे. २०२३ पासून म्युनिशन्स इंडियाच्या कारखान्यांत डेंजर बिल्डिंग वर्करच्या जाहिराती आल्या त्या ‘टेन्युअर’ पद्धतीच्या. एओसीपी, म्हणजे रसायन संयंत्र चालवण्याच्या ट्रेडमधली अप्रेंटिसशिप केलेल्यांसाठी. आधी एक वर्ष, काम बघून वाढ, जास्तीत जास्त चार वर्षं. मूळ वेतन १९,९०० आणि महागाई भत्ता. निवड ट्रेडच्या राष्ट्रीय परीक्षेतल्या गुणांवर आणि प्रात्यक्षिकावर. बेकारीनं गांजलेल्या मुलांनी अर्ज केले, करणारच. सहा-सात हजारांच्या विद्यावेतनावर अप्रेंटिस केलेल्या मुलाला ही मोठीच उडी वाटते. पण स्फोटकांचं काम शिकायला वेळ लागतो. कोणत्या मिश्रणाचा वास बदलला की थांबायचं, कोणत्या यंत्राचा आवाज आज वेगळा आहे, हे पुस्तकात नसतं. जुना माणूस शेजारी उभा राहून ते नव्याच्या अंगात भिनवतो. चार वर्षांनी तो नवा बाहेर गेला की शिकवणी पुन्हा पहिल्यापासून, आणि दरम्यान जुनेही निवृत्त होत असतात. पैसा वाचवायला इतर शंभर जागा आहेत. ही नव्हे.

२४ जानेवारी २०२५. सकाळची शिफ्ट. जवाहरनगरच्या भंडारा निर्माणीत स्फोट झाला आणि इमारतीचं छत कामगारांवर कोसळलं. आठ जण गेले. त्यांतला एक विशीतला प्रशिक्षणार्थी होता. आवाज कित्येक किलोमीटरवर ऐकू गेला. त्याआधी, २०१६ सालच्या मे महिन्याच्या शेवटच्या रात्री पुलगावच्या भांडारात आग लागली. संशय भूसुरुंगांतून पाझरणाऱ्या टीएनटीकडे होता. दोन लष्करी अधिकारी गेले, आणि आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे जवान गेले. लेखाच्या सुरुवातीला ज्यांच्या ग्राउंडचं वर्णन केलं, त्याच खात्यातले फायरमन. लोक जिवाच्या आकांतानं बाहेर पळत असताना आत जायचं, हीच त्यांची नोकरी. नोव्हेंबर २०१८मध्ये पुलगावजवळच जुना दारूगोळा नष्ट करताना पेटी हाताळताना स्फोट झाला, सहा जण गेले. त्यांत जबलपूरच्या खमरिया कारखान्याचा कर्मचारी होता आणि बाकी बहुतेक आसपासच्या गावांतले, ठेकेदारानं रोजंदारीवर आणलेले मजूर. या मजुरांनी कोणताही फॉर्म भरलेला नव्हता, परीक्षा दिली नव्हती. संरक्षण खात्याच्या कोणत्याही हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं.

अशा घरांत मागे राहिलेल्यांसाठी अनुकंपा भरती असते. थेट भरतीच्या जागांपैकी पाच टक्क्यांपर्यंतच ती देता येते, म्हणून वर्षानुवर्षं यादी चालते. लागलीच तर नवऱ्याच्या जागी बायको त्याच गेटमधून आत जाते, बहुधा सगळ्यात खालच्या पदावर. वरणगावकडच्या एका बाईंना मी विचारलं, ताई, पहिल्या दिवशी भीती नाही वाटली? त्या म्हणाल्या, भीतीपेक्षा पोरांच्या फीची तारीख मोठी होती.

जागा मात्र आक्रसत आहेत. निवृत्त लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांच्या समितीनं २०१६च्या अखेरीस अहवाल दिला. सैन्याची लढाऊ क्षमता वाढवायची आणि लढाईशी संबंध नसलेला खर्च कमी करायचा, हा तिचा रोख होता. तो हेतू रास्त आहे. त्यातूनच १८८९ पासून चालत आलेल्या लष्करी दुग्धशाळा टप्प्याटप्प्यानं बंद झाल्या आणि २०२१ साली त्यांचा निरोपसमारंभ झाला. २०२०च्या मे महिन्यात एमईएसमधल्या ९,३०४ जागा रद्द करायला संरक्षणमंत्र्यांनी मंजुरी दिली. जागा रिकाम्या होत्या, म्हणून कुणाची चालू नोकरी गेली नाही. पण छावणीतला पाण्याचा पंप, वीज, नळ बघणारे हात कमी झाले आणि ती कामं ठेक्यानं होऊ लागली. गवत कापायचा ठेका देता येतो. स्फोटकांच्या पेट्या हलवण्याचा ठेका देताना काय होतं, ते पुलगावनं दाखवलं. ही रेघ कुठे ओढायची, यावर उघड चर्चा व्हायला हवी होती. संघटनांनी ती मागितली. सरकारी बाजूनं उत्तर आलं ते बहुतेक वेळा आकड्यांच्या भाषेत.

त्यात आता चार वर्षांसाठी सैन्यात घेतलेले अग्निवीर येतात. जून २०२२मध्ये संरक्षण मंत्रालयानं जाहीर केलं की, मंत्रालयाच्या नागरी पदांत, तटरक्षक दलात आणि संरक्षण क्षेत्रातल्या सरकारी कंपन्यांत दहा टक्के जागा अग्निवीरांसाठी राखून ठेवू. माजी सैनिकांचा वाटा आधीपासून आहेच. चार वर्षं शस्त्र हाताळलेल्या मुलाला दारूगोळ्याच्या कारखान्यात घेणं शहाणपणाचं आहे, त्याला विरोध करण्याचं कारण नाही. पण अग्निवीरांची पहिली तुकडी २०२२च्या अखेरीस दाखल झाली, म्हणजे तिची चार वर्षं २०२७च्या तोंडाशी संपतात. २०२३ला टेन्युअरवर लागलेले डीबीडब्ल्यूही २०२७पासून चार वर्षांच्या मर्यादेला पोहोचतील. एकाला बंदूक येते, दुसऱ्याला त्या बंदुकीची गोळी भरता येते. दोघं पंचविशी-तिशीतले, दोघांच्या हातात अनुभवाचं प्रमाणपत्र, आणि दोघं त्याच मोजक्या जागांच्या जाहिरातीची वाट बघणार.

अग्निवीरासाठी निदान दहा टक्क्यांचा शब्द दिलेला आहे. डेंजर बिल्डिंगमध्ये चार वर्षं काढलेल्या मुलालाही असाच शब्द हवा: त्याच कारखान्यात कायम जागा निघाली तर अनुभवाचे गुण, वयात चार वर्षांची सूट, आणि कामावर असताना काही झालं तर कायम कामगाराच्या घराला जे मिळतं, तेच त्याच्याही घराला. पुढची टेन्युअरची जाहिरात निघेल तेव्हा पदसंख्या आणि वेतन यांच्या रकान्यांखाली या तीन ओळी छापलेल्या असाव्यात, म्हणजे सही करण्यापूर्वी मुलाला आणि त्याच्या आईबापांना त्या वाचता येतील.